कास्ट, वॉर्प, थ्रो : इंग्रजीतली तीन ‘फेकणी’ आणि आपल्या भागातले तीन धंदे

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. ‘कास्ट’ हा शब्द बेळगावात दिवसभर कानावर पडतो. उद्यमबागेच्या कारखान्यांत कास्टिंग, दवाखान्यात प्लास्टर कास्ट, नाटकाची कास्ट, सभेत अध्यक्षांचं कास्टिंग व्होट, आणि आता मोबाईलवरचं टीव्हीला कास्ट करणं. यांच्यात नातं काय, ते एकदा नीट मांडून ठेवावं म्हणून हा धागा.

मूळ अर्थ एकच, फेकणे. स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वसले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘कास्ता’ हे क्रियापद त्यांच्याबरोबर आलं आणि इ.स. १२०० च्या सुमारास लिखित इंग्रजीत दिसू लागलं. स्वीडिशमध्ये फेकण्याला आजही ‘कास्ता’च म्हणतात. त्याआधी इंग्रजीचा घरचा शब्द होता ‘वेओर्पन’. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘वेर्फन’ अजून फेकण्याचंच काम करतो. इंग्रजीत मात्र कास्टने त्याला उठवलं, आणि पुढे थ्रोने कास्टला उठवलं. आज दगड फेकला म्हणताना कुणी कास्ट म्हणत नाही, थ्रो म्हणतात.

उठवलेले शब्द मेले नाहीत. वेओर्पनचा ‘वॉर्प’ झाला आणि तो मागावर जाऊन बसला. कास्ट भट्टीजवळ राहिला. थ्रोचा तर मुळात फेकण्याशी संबंधच नव्हता. त्याचा जुना अर्थ पिळणे, फिरवणे, आणि तो कुंभाराच्या चाकावर टिकला. वडगाव-शहापूरचे माग, उद्यमबागेच्या फाउंड्र्या (धातू ओतण्याचे कारखाने), खानापूरची चाकं, तिन्ही आपल्याकडेच आहेत की. माझ्या मते इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ कोशापेक्षा धंद्यात जास्त स्पष्ट दिसतो. ज्यांना ज्या कामाची माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहावं.

कास्टचे बाकीचे अर्थ पटकन सांगतो. पूर्वी युरोपात हिशोब करताना रेघा मारलेल्या फळीवर सोंगट्या टाकत, त्यामुळे हिशोब मांडणे म्हणजेही कास्ट. कुंडली मांडण्याला ‘कास्ट अ होरोस्कोप’ म्हणतात ते यातूनच. आधी हिशोब करून ठेवणे तो ‘फोरकास्ट’, म्हणजे आजचा हवामानाचा अंदाज. आभाळ ढगांनी झाकलं की ‘ओव्हरकास्ट’. नाटकात भूमिका वाटून टाकतात म्हणून पात्रयोजनाही कास्ट. विद्यार्थ्यांसाठी एक सूचना : वर्तमान, भूत आणि धातुसाधित, तिन्ही रूपं ‘कास्ट’च. ‘कास्टेड’ लिहिलं तर गुण जातात.

शहापूर_वाचक

मग आपली जात या अर्थाचा ‘कास्ट’ हाच का? उच्चार तर तोच आहे.

मार्कंडेयकाठ

नाही. तो पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, अर्थ वंश, कुळ, जातकुळी. पोर्तुगीज इकडे आले, त्यांनी इथली समाजरचना पाहून आपला शब्द लावला, आणि तो इंग्रजीने उचलला. सुरुवातीला इंग्रज लोक त्याचंही स्पेलिंग फेकण्याच्या कास्टसारखंच करत. शेवटी ‘ई’ लावायची पद्धत नंतर पक्की झाली. एक शब्द उत्तरेच्या समुद्रातून आला, दुसरा गोव्याच्या बाजूने. अर्जावर स्पेलिंग तपासून लिहा, एवढं मात्र खरं.

उद्यमबाग_ओतारी

फाउंड्रीचं मी लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे शब्द फेकण्याचा असला तरी वितळलेल्या धातूचा रस फेकून चालत नाही. मराठीचा ‘ओतकाम’ हा शब्द कामाला जास्त धरून आहे. कन्नडमध्येही ओतण्याला ‘एरे’ आणि ओतकामाला ‘एरक’. खुद्द ‘फाउंड्री’ हा शब्दसुद्धा ओतण्याचाच आहे, लॅटिन ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे, तिथून फ्रेंच ‘फोंद्र’, तिथून इंग्रजी. छपाईचा ‘फॉन्ट’ त्याच घरातला, कारण खिळे धातू ओतूनच करायचे. ‘फाउंडेशन’ वेगळा, तो लॅटिनमधल्या ‘तळ’ या शब्दावरून.

आता काम. ग्रे आयर्न, म्हणजे आपलं बीड, ओतीव लोखंड. (कन्नडमध्येही ‘बीडु कब्बिण’च म्हणतात.) मोल्डिंगची, म्हणजे साच्याची, माती म्हणजे ग्रीन सँड. इथे ग्रीन म्हणजे कच्ची, ओली, न भाजलेली. सिलिका वाळू साधारण ५० ते ६० ए.एफ.एस. (वाळूच्या बारीकपणाचं माप), त्यात बेंटोनाइट (चिकटपणा देणारी माती) ६ ते ८ टक्के, कोळशाची भुकटी ३ ते ५ टक्के, ओल ३ ते ४ टक्के. कॉम्पॅक्टेबिलिटी (माती किती दबते ते) ४० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. हाताने मूठ आवळून बघणारे अनुभवी लोक आहेत, पण पावसाळ्यात वाळूच ओली येते, तेव्हा मीटरने ओल मोजल्याशिवाय मिक्सरमध्ये पाणी सोडू नये.

पॅटर्न, म्हणजे ज्याचा ठसा मातीत उठवतात तो नमुना, नेहमी थोडा मोठा करतात, कारण बीड थिजताना आणि निवताना आक्रसतं. ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणजे मीटरला १० मिमी. ॲल्युमिनियमला १.३, स्टीलला २ टक्के. बिडाचा पॅटर्न तसाच उचलून स्टीलला वापरला की जॉब, म्हणजे ओतलेली वस्तू, लहान येतो, आणि मशीन शॉपमध्ये माल पुरत नाही. पॅटर्न मातीतून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना १ ते २ अंशांचा उतार द्यायचा.

इंडक्शन (विजेच्या) भट्टीतून रस १४५०–१५०० अंश सेल्सिअसला काढायचा, लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) पडत असताना ०.२ ते ०.३ टक्के इनॉक्युलंट (बीड टणक होऊ नये म्हणून घालायची मिश्रधातूची पूड) टाकायचं, आणि मोल्डमध्ये जाताना १३५० ते १४२० अंश असावेत. पातळ भिंतीच्या जॉबला वरच्या बाजूचं तापमान, जाड जॉबला खालच्या. इनॉक्युलंट टाकल्यावर लॅडल धरून ठेवली तर आठ-दहा मिनिटांत त्याचा असर उतरतो, आणि कडा पांढऱ्या, टणक होतात. मग ड्रिल बसत नाही आणि दोष मशीनवाल्यावर येतो.

ओतताना लॅडलची चोच पोअरिंग कपाच्या, म्हणजे साच्याच्या तोंडाच्या, जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. कप भरलेला राहील अशी एकसारखी धार ठेवायची, मध्ये तोडायची नाही. उंचावरून पडलेला रस माती उकरतो आणि हवा ओढतो. माती जॉबमध्ये अडकते, त्याला सँड इन्क्लूजन म्हणतात. हवेच्या आणि वाफेच्या जागी ब्लो होल. ओल जास्त, व्हेंट (वाफ जायची भोकं) कमी, किंवा कोअर (जॉबमधली पोकळी करणारा मातीचा गाभा) नीट न भाजलेला, ही ब्लो होलची नेहमीची कारणं. दोन बाजूंनी आलेला रस मध्ये भेटला पण एकजीव झाला नाही, तिथे गोलसर कडेची रेघ दिसते. तो कोल्ड शट, कारण रस थंड किंवा गेट (रस आत जायची वाट) अरुंद. जाड भागात आत खडबडीत पोकळी सापडली तर ती श्रिंकेज. तिथे रायझर (जॉब आक्रसताना रस पुरवणारा जादा साठा) पुरला नाही किंवा रायझरच जॉबच्या आधी थिजला. ब्लो होल आतून गुळगुळीत असतो, श्रिंकेज खडबडीत. एवढा फरक डोळ्यांनी ओळखता आला तरी निम्मं निदान झालं.

वडगाव_माग

वॉर्पबद्दल. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा, त्यालाच इंग्रजीत वॉर्प. आडवे ते बाणा, इंग्रजीत वेफ्ट. वेफ्ट हा विणण्याच्या ‘वीव्ह’पासून.

इथे तिन्ही भाषा शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. इंग्रजी शब्दात धागा ‘फेकलेला’, मराठीत ‘ताणलेला’, आणि कन्नडमध्ये ताण्या-बाण्याला ‘हासु-होक्कु’ म्हणतात. हासु म्हणजे अंथरलेला, होक्कु म्हणजे आत शिरलेला. धागे आधी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे टाकत नेतात, मग अंथरतात, मग ताणतात. एकाच कामाची एकेक पायरी एकेका भाषेने नावाला घेतली.

हिशोब असा. फणी (ताण्याचे धागे ज्या घरांतून ओवतात ती) ७२ ची, स्टॉकपोर्ट मापाने, म्हणजे २ इंचात ७२ घरं. एका घरात २ धागे भरले की इंचाला ७२ धागे. साडीचा पन्हा फणीत ४८ इंच धरला तर ७२ गुणिले ४८, म्हणजे ३४५६ धागे. काठाचे जादा धागे वेगळे. क्रीलवर (सुताच्या गुंड्या लावायच्या चौकटीवर) सुताचे २८८ कोन लावले तर १२ सेक्शनमध्ये ताणा पुरा होतो. सगळ्या सेक्शनना ताण एकसारखा पाहिजे. एक सेक्शन ढिला गेला की कापडावर त्या पट्ट्यात धागे लोंबतात, आणि धोटा (बाण्याचा धागा नेणारं साधन) जाताना तेच धागे त्याच्या आड येऊन तुटतात. तेव्हा माग दुरुस्त करून उपयोग नाही, दोष वॉर्पिंगमध्येच झालेला असतो.

सुती ताण्याला खळ लागते. सुताच्या वजनाच्या ८ ते १२ टक्के खळ सुतावर बसली पाहिजे. कमी बसली तर फणीत घासून सुताला केस सुटतात आणि शेजारचे धागे एकमेकांत गुंततात. जास्त बसली किंवा फार वाळवलं तर सूत कडक होऊन तटकन तुटतं. वाळवल्यावर ७–८ टक्के ओल सुतात राहू द्यावी. म्हणूनच मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तुटी वाढते आणि कारखान्यात जमिनीवर पाणी मारावं लागतं.

टिळकवाडी_इंग्रजी

पण फेकला जातो तो धोटा, म्हणजे बाण्याचा धागा. मग वॉर्प हे नाव बाण्याला का नाही मिळालं?

वडगाव_माग

धोटा फेकतात हे बरोबर. पण नावं पडली तेव्हाच्या उभ्या मागावर ताण्याच्या खाली वजनं बांधायचे आणि बाण्याचा धागा हाताने आत-बाहेर गुंफत न्यायचे. फेकणं तिथे नव्हतंच. धोटा एका दोरीच्या झटक्याने जाऊ लागला तो जॉन के यांच्या १७३३ च्या शोधानंतर. ताणा मात्र खुंट्यांवरून इकडून तिकडे टाकत नेण्याचीच वस्तू.

खानापूर_चाक

थ्रोचं सांगतो. चाकावर भांडं घडवण्याला इंग्रजीत ‘थ्रोइंग’ म्हणतात, आणि नवशिके समजतात की मातीचा गोळा चाकावर आपटतात म्हणून तो शब्द. तसं नाही. जुन्या इंग्रजीत ‘थ्रावन’ म्हणजे फिरवणे, पिळणे. जर्मनमध्ये त्याच घरातला ‘ड्रेयन’ आजही फिरवण्यालाच वापरतात. फेकताना हात वळतो-फिरतो, त्यातून बाकीच्यांनी फेकण्याचा अर्थ काढला. कुंभारांनी जुनाच ठेवला.

माती आधी चांगली मळायची, तारेने कापून बघायची. कापलेल्या तोंडावर एकही भोक दिसता कामा नये. मग गोळा चाकाच्या मध्यावर आणायचा. मध्य साधला नाही तर पुढचं सगळं वाया, भिंत एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळच येणार. मग अंगठ्याने तोंड उघडायचं आणि तळ बोटांनी मध्यापासून कडेला आणि परत मध्याकडे दाबून घ्यायचा. ही दाबणी गाळतात, म्हणून वाळताना तळाला इंग्रजी ‘एस’सारखी चीर पडते. नंतर भिंत दोन-तीन खेपांत उचलायची, प्रत्येक खेपेला चाकाचा वेग थोडा कमी करत. पाणी कमीत कमी वापरायचं. तळात पाणी साठू दिलं तर तीच चीर.

वाळून आणि भाजून भांडं साधारण १० टक्के आक्रसतं. २० सेंटिमीटर उंचीचं हवं तर चाकावर २२ चं करावं लागतं. लाल मातीला ८५० ते ९५० अंश पुरे, पण पहिले १२० अंश अगदी सावकाश. आत ओल असताना आच वाढवली तर वाफेने भांडं फुटतं, जाड तळाचं आधी. निवतानाही ५७३ अंशांजवळ घाई नको, तिथे मातीतल्या गारेचं (क्वार्ट्झचं) आकारमान एकदम बदलतं. वर ओतारींनी ग्रीन सँडचं लिहिलंय, तसंच आमच्याकडे न भाजलेल्या भांड्याला ‘ग्रीनवेअर’ म्हणतात. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट खानापुरातच आहे.

वडगाव_माग

रेशमातही हाच थ्रो आहे. रेशमाला पीळ देणे म्हणजे ‘सिल्क थ्रोइंग’, पीळ देणारा ‘थ्रोस्टर’. बाण्याच्या रेशमाला, ज्याला ट्रॅम म्हणतात, इंचाला २ ते ५ पीळ पुरतात. क्रेपला (सुरकुतलेल्या पोताच्या कापडाला) ४० ते ८०. एवढा पीळ दिला की धागा स्वतःभोवती गुंडाळायला बघतो, म्हणून वाफ देऊन पीळ बसवावा लागतो. आणि ‘थ्रेड’ हा शब्दही थ्रोच्याच मुळातला, पीळ दिलेला तो थ्रेड. म्हणजे ‘वॉर्प थ्रेड’ म्हटलं की मूळ अर्थाने ‘फेकलेलं पिळलेलं’.

सुळेभावी_शेतकरी

‘ब्रॉडकास्ट’ कुणी घेतला नाही. तो शेतीचा शब्द आहे. हाताने सगळीकडे बी फोकणे म्हणजे ब्रॉडकास्ट. अठराव्या शतकात पेरणीसाठीच वापरायचे, रेडिओला १९२० च्या दशकात लागला. पुढे त्यातूनच २००४ मध्ये ‘पॉडकास्ट’ तयार झाला.

भाताची रोपं टाकताना आजही फोकणीच करतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी ढवळायचं, तरंगलेलं पोचट बी काढून टाकायचं, बुडालेलं साध्या पाण्याने धुवायचं. मग २४ तास भिजत आणि साधारण तेवढाच वेळ ओल्या पोत्यात झाकून. मोड जेमतेम दिसला की फोकायचं. लांब झाला तर फोकताना मोडतो. एक हेक्टर लावणीला १० गुंठे रोपवाटिका धरावी. कमी जागेत दाट फोकलं तर रोपं उंच पण बारीक काडीची होतात आणि लावणीनंतर माना टाकतात. वारा पडलेला असताना, मूठ कमी भरून, दोन खेपांत, एकदा आडवं आणि एकदा उभं फोकलं की बी सारखं पडतं.

मार्कंडेयकाठ

वा, हे छान झालं. याला जोडून : मराठीत क्रिकेटचं ‘थेट प्रक्षेपण’ म्हणतो, त्यातला ‘क्षेप’ म्हणजेही फेकणेच. दृष्टिक्षेप म्हणजे नजर टाकणे, आणि इंग्रजीतही नजर ‘कास्ट’च करतात.

भाषांतर करणाऱ्यांना सांगतो, कास्टसाठी ‘फेकणे’ शोधत बसू नका, आपलं ‘टाकणे’ त्याच्या फार जवळ आहे. जाळं टाकतो, नांगर टाकतो, नजर टाकतो, मत टाकतो, स्लॅबसुद्धा टाकतो. फक्त अध्यक्षांच्या कास्टिंग व्होटला ‘निर्णायक मत’ म्हणावं, आणि धातूला ‘ओतणे’.

गोकाक_कन्नड

आमच्या उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये ‘ओगे’ हेही असंच. दगड ओगे म्हणजे फेक, कपडे ओगे म्हणजे धू. दगडावर कपडे आपटून धुतात ना, तिथला हात तोच.

माछे_पॅटर्नशॉप

ओतारीसाहेब, वॉर्पचा तिसरा अर्थ आम्हाला छळतो तो म्हणजे वाकणे. लाकूड वॉर्प होतं तसं कास्टिंगही होतं. लांब बेस प्लेट आहे, वरची प्लेट १२ मिमी, खाली ४० मिमीची रिब (प्लेटला आधार देणारी पट्टी). प्लेट मध्ये उचलली जाते, मशीनिंगला एका बाजूला माल उरतो आणि दुसरीकडे कमी पडतो. उपाय काय?

उद्यमबाग_ओतारी

१२ आणि ४० एकत्र आले की हे होणारच. पातळ प्लेट आधी निवते आणि ताठ होते. जाड रिब मागून निवते, आक्रसते आणि प्लेटला आपल्याकडे ओढते. त्यामुळे रिबची बाजू आत जाते, प्लेटची बाजू फुगते.

पहिलं म्हणजे डिझाइनवाल्यांशी बोलून रिब पातळ करता येते का बघा. एका ४० च्या जागी २० च्या दोन झाल्या तर निम्मा त्रास तिथेच संपेल. ते शक्य नसेल तर पॅटर्नला उलटा बाक द्या. किती द्यायचा तो अंदाजाने नको. आत्ताच्या पॅटर्नवर एक जॉब ओता, फेटलिंग (जॉबची साफसफाई) झाल्यावर सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मध्याचा उचल मोजा, आणि तेवढाच बाक उलट्या दिशेने पॅटर्नमध्ये उतरवा. मग दुसरा जॉब ओतून पुन्हा मोजा.

नॉकआउटची, म्हणजे माती फोडून जॉब बाहेर काढण्याची, घाई हे दुसरं कारण. शिफ्ट संपायच्या आत पेट्या मोकळ्या करायच्या म्हणून लाल जॉब बाहेर काढतात, आणि उघड्यावर पातळ भाग अजून लवकर निवतो. असा जॉब निदान ४०० अंशांच्या खाली येईपर्यंत मातीतच राहू द्या. आणि रफ मशीनिंगनंतर पुन्हा वाकत असेल तर आतला ताण सुटतोय असं समजा : ५५० ते ६०० अंशांवर, दर २५ मिमी जाडीला एक तास, आणि नंतर भट्टीतच ३०० अंशांच्या खाली येईपर्यंत सावकाश निववायचं. दार लवकर उघडलं तर काढलेला ताण परत भरतो. तुमच्या प्लेटला जाडी ४० ची धरा, १२ ची नाही.

माछे_पॅटर्नशॉप

सरफेस प्लेटवर रिब खाली ठेवून मोजायचं की प्लेट खाली?

उद्यमबाग_ओतारी

प्लेट वर, रिब खाली. चार कोपऱ्यांत जॅक लावून चारही कोपरे एका पातळीत आणा, आणि मग हाइट गेजने (उंची मोजायच्या साधनाने) प्लेटच्या मध्याची उंची घ्या. फुगलेली बाजू खाली ठेवली तर जॉब डुलतो आणि फीलर गेज दर वेळी वेगळा आकडा देतं. वर फीलर गेजचं लिहिलंय ते लहान, न डुलणाऱ्या जॉबसाठी. तुमच्या लांबीला हाइट गेजच घ्या.